अलार्म वाजला होता

३ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि वर सल्ला दिला की दिवसभरात ज्या गोष्टीने डोकं फिरलं ती संध्याकाळी लिहून काढत जा, बरं वाटेल. ताई म्हणाली, "तुझं डोकं फिरायचा हिशोब ठेवायचा तर घरात वह्या ठेवायला जागा उरणार नाही." थोरली बहीण आहे, शिवाय स्वयंपाक तीच करते, त्यामुळे ऐकून घेतो.

आमची कंपनी औषध देणारे पंप बनवते. अतिदक्षता विभागात खाटेशेजारी उभे असतात ते. औषध थेंबाथेंबाने मोजून देतात, आणि नळी कुठे अडली तर अलार्म वाजवतात. मागच्या महिन्यात एका हॉस्पिटलात एक वयस्कर गृहस्थ पहाटे गेले. रक्तदाब टिकवून धरणारं औषध नळी अडल्यामुळे थांबलं होतं. पंपाने अलार्म दिला, पण ड्यूटीवरच्या सिस्टर वेळेवर आल्या नाहीत. सिस्टरांचं म्हणणं, तेव्हा काही वाजलंच नाही, नंतर वाजलं. त्यांना निलंबित केलं आहे. हॉस्पिटलने चौकशी समिती नेमली आहे आणि कंपनीतर्फे यंत्राची बाजू मांडायला मला पाठवायचं ठरलं आहे.

मलाच, कारण पंपाच्या आतल्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचा शेड्युलर मी लिहिला आहे. आत प्रोसेसर एकच आणि कामं चौदा. कुणी आधी चालायचं, कुणाला अर्ध्यात उठवून कुणाला बसवायचं, हे शेड्युलर ठरवतो. अलार्मचं काम सगळ्यांच्या वर. ते आलं की बाकीच्यांनी हातातलं टाकून बाजूला व्हायचं. नऊ वर्षं हे बिनतक्रार चाललं आहे.

त्या पंपातली नोंद आज वाचली. नळी अडल्याची वेळ आणि अलार्मची वेळ एकच. माणूस विसरतो, पेंगतो, अंगाशी आलं की काहीबाही बोलतो. यंत्राला यातलं काही जमत नाही. डोकं फिरलं ते या बाईंमुळे.

५ मार्च, बुधवार

समितीपुढे जायच्या आधी स्वतः करून पाहावं म्हणून दिवसभर एका पंपाची नळी चिमट्याने दाबत बसलो. चिमटा लावला की दिवा लागला. एकदाही चूक नाही.

दिव्याचं सांगतो. आमच्या खोलीत टेबलावर एका वेळी पंधरा-वीस पंप चालू असतात आणि आम्ही दिवसभर मुद्दाम त्यांच्या कागाळ्या ओढवून घेत असतो. सगळे वाजायला लागले तर माणसं ठार वेडी होतील. म्हणून नवीन पंप आला की आधी त्याच्या स्पीकरची वायर काढायची आणि अलार्मच्या पिनेला लाल दिवा जोडायचा. दिवा लागला म्हणजे अलार्म आला. ही पद्धत कुणी सुरू केली आठवत नाही, पण ज्याने केली त्याचे पाय धरले पाहिजेत. बाहेरचे लोक येतात तेव्हा म्हणतात, किती शांत आहे हो तुमच्याकडे.

साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुम्ही जा, नोंद दाखवा, परत या. फार खोलात शिरू नका, तुमची तब्येत बरी नाही." आमचे साहेब बोलायला फटकळ, पण माणसाची काळजी करतात.

८ मार्च, शनिवार

समिती झाली. लांब टेबल, तीन डॉक्टर, मधले अध्यक्ष. सिस्टर समोर बसल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. हात मांडीवर, पाठ ताठ, परीक्षेला बसल्यासारख्या. मी पडद्यावर नोंद दाखवली, शेड्युलर म्हणजे काय ते थोडक्यात सांगितलं, आणि शेवटी स्पष्ट म्हणालो, "अलार्म वाजला होता."

अध्यक्षांनी त्यांना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? त्या म्हणाल्या, "मी शेजारच्याच बेडची चादर बदलत होते. मधे फक्त पडदा." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगताय ते खरंच असणार. मग मला ऐकू का आलं नाही?"

मी म्हणालो, "ते मी कसं सांगणार?" अध्यक्ष किंचित हसले. उत्तर ठीकच होतं.

घरी ताईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "ती बाई भांडत होती की विचारत होती?"

"विचारत होती."

ताईने ताट वाढलं. भाजीत मीठ कमी होतं, पण तसंच जेवलो.

११ मार्च, मंगळवार

अध्यक्षांचा फोन. सिस्टरांनी स्वतः जाऊन कानांची तपासणी करून घेतली. दोन्ही कान उत्तम. म्हणजे मग डोळाच लागला असणार, दुसरं काय. अंतिम बैठक सत्तावीस तारखेला.

बाकी दिवस वायफायमध्ये गेला. वायफाय म्हणजे आमच्याकडचा तो मुलगा ज्याने पंपाची माहिती बिनतारी मार्गाने नर्सांच्या मुख्य टेबलावर पाठवायचं काम लिहिलं. मुलगा म्हणतो मी, दोन लेकरांचा बाप आहे. एक मोठं गिऱ्हाईक येणार आहे, त्यांच्या इमारतीत सिग्नल कच्चा. सिग्नल तुटला की याचं काम पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतं, दमतच नाही. मागच्या वर्षी साहेबांनी सांगितलं म्हणून त्या कामाला मी वरची पायरी दिली होती. आता त्याला अजून एक हवी आहे. म्हणालो, विचार करतो. प्रत्येकाला वाटतं आपलंच काम आधी व्हावं.

१४ मार्च, शुक्रवार

सिस्टरांनी लिहून दिलं. साहेबांनी मला कागद वाचायला दिला. "त्या वेळी माझा डोळा लागला असण्याची शक्यता मी नाकारत नाही." खाली सही, अक्षर सुंदर.

साहेब म्हणाले, "सुटलात. आता गिऱ्हाइकाकडे लक्ष द्या."

सुटलो खरा. तरी जेवण गेलं नाही. चादर बदलताना माणूस उभा असतो. उभ्याने, हातात चादर धरून, कुणाचा डोळा कसा लागेल? पण ते समितीने बघायचं. माझा विषय शेड्युलर.

१७ मार्च, सोमवार

त्या पहाटेचा तो पंप आणायला हॉस्पिटलात गेलो. शिपायाला पाठवता आलं असतं, साहेब तसं म्हणालेही. मला जावंसं वाटलं.

वॉर्ड मी पूर्वी कधी नीट पाहिला नव्हता. दहा खाटा, मधे पडदे, आणि आवाज किती. चाकं, पाणी, कुणाचं कण्हणं, चार तऱ्हांची यंत्रं. पंप कुठे ठेवलाय ते शोधायला एक सिस्टर गेल्या आणि मी एका खाटेजवळ वाट पाहत राहिलो. ताईला उशीर होईल म्हणून कळवायला गेलो तर निरोप जाईना. त्या कोपऱ्यात सिग्नल नव्हता, जुन्या जाड भिंती.

तेवढ्यात एक चिरका आवाज सुरू झाला, तीन तुकड्यांची शिट्टी, थांबून परत. मी इकडेतिकडे पाहायला लागलो. सिस्टर लगबगीने आल्या. "जरा सरका. तुमचाच आहे."

"माझा?"

"तुमच्या कंपनीचा पंप."

तो माझ्या कोपराला लागून होता. त्यांनी नळी सरळ केली, बटण दाबलं, शिट्टी थांबली. मी विचारलं, "असा वाजतो का हा?" त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला इथे लिहवत नाही.

मी बनवलेलं यंत्र माझ्या कोपराशी ओरडत होतं आणि मला त्याचा आवाज ओळखता आला नाही. परत येताना आठवून पाहिलं. तो आवाज मी शेवटचा कधी ऐकला? पहिल्या वर्षी केव्हातरी.

१८ मार्च, मंगळवार

आल्याआल्या टेबलावरच्या एका पंपाला स्पीकरची वायर परत जोडली. चिमटा लावला. दिवा आणि शिट्टी एकदम. पुन्हा लावला. एकदम. दिवसभर तेच.

खोलीतली माणसं वैतागली. वायफाय म्हणाला, "सर, आता आमचीच बीपीची गोळी सुरू करावी लागेल." सगळे हसले, मीही.

खरं लिहायचं तर बरं वाटलं. शिट्टी प्रत्येक वेळी आली म्हणून बरं वाटलं. मग त्या बाईंची ती ताठ पाठ आठवली आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

२० मार्च, गुरुवार

सकाळी दाढी करताना तो निरोप आठवला, ताईला न गेलेला. आमच्या खोलीत सिग्नल असा की भिंतीलाही लागेल. वॉर्डात नाही.

पंप उचलला आणि लोखंडी कपाटात ठेवला. दार थोडं किलकिलं, नळी बाहेर. मधूनमधून सिग्नल मिळेल, मधूनमधून तुटेल, असं. वायफायचं काम आपलं धडपडत राहिलं. चिमटा लावला. दिवा लागला, शिट्टी पाठोपाठ आली. पुन्हा. पुन्हा. दुपार झाली. म्हणालो, अजून एकदा लावून जेवायला जाऊ.

दिवा लागला. शिट्टी नाही.

मला वाटलं वायर सुटली. हात पुढे केला आणि मागे घेतला, हात लावला तर कळणार नाही काय झालं ते. दिवा लालभडक जळतोय. खोलीत कुणीतरी बोलत होतं ते बोलायचं थांबलं. वायफाय उठून माझ्यामागे येऊन उभा राहिला. माझ्या कानात माझीच धडधड ऐकू यायला लागली, आणि वाटलं, इतक्या वेळात एखादा माणूस... मग शिट्टी आली.

मी घड्याळ लावलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत आणखी दोनदा तसंच झालं, तेव्हा लावलं होतं. दोन्ही वेळा दीड मिनिटाच्या वर.

२१ मार्च, शुक्रवार

कारण सापडलं. शोधायला दोन तास पुरले, एकदा कुठे बघायचं ते कळल्यावर.

आवाज काढायच्या आधी अलार्मच्या कामाला पंपाची मेमरी लागते, आणि त्या मेमरीला लॉक आहे, एका वेळी एकालाच. सगळ्यात खालच्या पायरीवरचं एक काम आहे, जुना इतिहास लिहून ठेवणारं. ते लॉक घेतं, क्षणभरात चार अक्षरं लिहितं, लॉक सोडतं. पण नेमक्या त्या क्षणात वायफायचं काम उठलं तर? ते मधल्या पायरीचं. ते खालच्याला उठवून स्वतः बसतं आणि सिग्नलसाठी झगडत राहतं. खालच्याला प्रोसेसर मिळत नाही म्हणून लॉक सुटत नाही. लॉक सुटत नाही म्हणून सगळ्यात वरचा अलार्म नुसता उभा. माझा शेड्युलर नियमाने चाललाय, एक नियम मोडलेला नाही.

ताईला समजावत होतो तर म्हणाली, "म्हणजे कपाटाची किल्ली धाकट्या जावेकडे. थोरली दारात ताटकळतेय. आणि मधली धाकटीला जागची हलू देत नाही."

"अगदी हेच."

"मग थोरलीने मधलीला बाजूला व्हायला सांगायचं."

"थोरलीला मधली दिसतच नाही. तिला फक्त कुलूप दिसतं."

उपायही जुनाच आहे. लॉक ज्याच्याकडे आहे त्याला, ते सुटेपर्यंत, वाट बघणाऱ्याची पायरी द्यायची. धाकटी तेवढ्यापुरती थोरली होते, मधली तिला अडवू शकत नाही. ती सोय आमच्या सिस्टिममध्ये पहिल्यापासून आहे, फक्त चालू केलेली नव्हती. एक ओळ. चालू केली, पंप दिवसभर कपाटात ठेवला, शिट्टी एकदाही चुकली नाही.

आणि नोंद? नोंद होते ती अलार्मचं काम जागं होतं तेव्हा. दिवाही तेव्हाच लागतो. जागं होणं आणि वाजणं यांच्या मधे काय होतं ते कुणीच बघत नव्हतं, नोंद नाही, दिवा नाही, आम्हीही नाही. मी त्या बाईंसमोर बसून सांगितलं, अलार्म वाजला होता.

साहेबांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, आधी सगळ्या हॉस्पिटलांना पंपाचं वायफाय बंद ठेवायला कळवा. म्हणाले, "बघतो."

२४ मार्च, सोमवार

कळवलेलं नाही.

साहेबांनी दार लावून घेतलं. "उत्तम काम केलंत. नवीन आवृत्तीत घाला, सगळ्या पंपांना जाईल, विषय संपला."

"आणि गुरुवारची समिती?"

"समितीचं काय? बाईंनी स्वतः लिहून दिलंय. त्यांना काढणार नाहीत, मी हॉस्पिटलशी बोललोय, दुसऱ्या विभागात बदली होईल. वाईट काय झालं त्यांचं?"

म्हणजे साहेब बोलले होते. कधी? मी विचारलं नाही. पाच तारखेला मला खोलात शिरू नका म्हणाले होते, ते माझ्या तब्येतीसाठी असं मी या वहीत लिहिलंय. आज ते पान उघडून पाहिलं आणि स्वतःच्या बावळटपणाचं नवल वाटलं.

"आणि एक लक्षात घ्या," साहेब म्हणाले, "तुम्ही तिथे बोललात तर तो शेड्युलर कुणी लिहिला हा प्रश्न येईल. उत्तर मला द्यावं लागणार नाही." हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं.

खाली येऊन वॉर्डाला फोन केला. मुख्य सिस्टरांना म्हणालो, आमच्या पंपांचं वायफाय आत्ताच्या आत्ता बंद करा. त्यांनी कारण विचारलं. म्हणालो, गुरुवारी सांगतो, पण बंद आत्ता करा. त्या म्हणाल्या, ठीक आहे, करते. मग दुसऱ्या हॉस्पिटलांचे नंबर शोधून संध्याकाळपर्यंत तेच करत बसलो. वायफाय माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसला आणि निम्मे फोन त्याने केले. त्याच्याच कामाचं वायफाय बंद करा म्हणून तो सांगत होता.

ताईला म्हणालो, नोकरी राहील असं वाटत नाही. ती म्हणाली, "मला शिवण येतं अजून. तुझ्या जेवणाचे नखरे तेवढे कमी कर."

भीती वाटते. त्रेपन्नाव्या वर्षी मला कोण घेणार? हेही इथे लिहून ठेवतो.

२७ मार्च, गुरुवार

तीच खोली, तेच टेबल. साहेब आले होते, मागे बसले. सिस्टर त्याच खुर्चीत. अध्यक्ष म्हणाले, आज नुसती औपचारिकता आहे. मी उठलो. पडद्यासाठी काही आणलं नव्हतं, ती नवी ओळ न घातलेला, लाल दिवा जोडलेला एक पंप आणला होता आणि एक पत्र्याची पेटी. पंप पेटीत ठेवला, चिमटा लावला. पहिल्या वेळी शिट्टी लगेच आली. पुन्हा लावला, पुन्हा लगेच. एका डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मी लावत राहिलो. साहेब मागून खाकरले. कितव्या वेळी कोण जाणे, दिवा लागला आणि शिट्टी आली नाही.

मी काही समजावून सांगितलं नाही. सगळे दिव्याकडे बघत बसले. शिट्टी आल्यावर म्हणालो, "आठ तारखेला मी इथे सांगितलं की अलार्म वाजला होता. मला ते माहीत नव्हतं. मी दिवा पाहून बोललो होतो. त्या पहाटेही हेच झालं असणार. शेड्युलर माझा आहे."

पुढे पुष्कळ प्रश्न झाले. अध्यक्षांनी सिस्टरांचा तो कागद रद्द करून घेतला आणि निलंबन मागे घेत असल्याचं तिथेच लिहवून घेतलं. साहेब मधेच उठून गेले. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर बाकावर मी पंप मांडीवर घेऊन बसलो होतो. सिस्टर आल्या आणि उभ्या राहिल्या.

"म्हणजे मी झोपले नव्हते."

"नाही."

"मला वाटायला लागलं होतं, झोपलेच असेन. घरी तसं सांगूनही टाकलं. मुलगी म्हणाली, होतं आई, तूही माणूसच आहेस." मग म्हणाल्या, "तीस वर्षांत ड्यूटीवर मी कधी झोपले नाही हो."

मी मान हलवली. आभार मानतील असं वाटलं, आणि मानू नयेत असंही वाटलं. त्यांनी मानले नाहीत. त्या माझ्या शेजारी बसल्या आणि मांडीवरच्या पंपाकडे पाहत राहिल्या.

"आणि हा वेळेवर वाजला असता तर?"

याचं उत्तर आत अध्यक्षांनी देऊन ठेवलं होतं. गृहस्थ फार आजारी होते, अशा रुग्णाबद्दल खात्रीने काही म्हणता येत नाही. खोटं नव्हतं ते. मी तेच म्हणू शकलो असतो.

"तर तुम्ही पोचला असता," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या. मग पंपाकडे पाहतच, "त्यांनी मला पाणी मागितलं होतं. मी म्हटलं, आजोबा, एवढी चादर झाली की देते."

आणि मग त्या रडायला लागल्या. निलंबनात नाही, समितीत नाही, आत्ता. पदराने तोंड झाकून, आवाज होऊ न देता, कारण समोरच वॉर्डाचं दार होतं. पंप खाली जमिनीवर ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिलो.